एका नावाच्या तिघी आणि आमच्या डॉक्टरीणबाई

डॉ. कुसुम भंगाळे यांची आणि माझी ओळख त्यांच्या सत्काराच्या दिवशी झाली, तीही सत्कार अर्धवट टाकून. धुळ्यातल्या एका मंडळाने एकाच नावाच्या तीन कर्तबगार स्त्रियांना एका व्यासपीठावर बसवायचं ठरवलं होतं. पहिल्या कुसुम भंगाळे शास्त्रीय गायिका, माझ्या शेजारी राहणाऱ्या. दुसऱ्या जळगावकडच्या माजी सभापती. तिसऱ्या शिंदखेडा तालुक्यात जनावरांच्या डॉक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, पण घरी न बसलेल्या डॉक्टरीणबाई. "नावावरून सत्कार करायचा, तर टेलिफोन डिरेक्टरीलाच शाल पांघरा," असं मी मंडळाच्या अध्यक्षांना ऐकवलं होतं. तरी गेले, कारण गायिकाबाईंना पोहोचवणारी गाडी माझी होती.

या तिघी एकमेकींना आधीपासून ओळखत होत्या, त्याला कारण डॉक्टरीणबाईंचा एक नियम. नावामुळे एकीचे फोन दुसरीला जात. गायिकाबाईंनी एकदा म्हशीच्या चौकशीचा फोन "राँग नंबर" म्हणून ठेवला. हे कळल्यावर डॉक्टरीणबाई एसटीने त्यांच्या घरी आल्या. "ताई, राँग नंबर म्हणू नका. फोन करणारीच्या दारात जनावर आडवं पडलेलं असतं. गाव विचारा आणि मला कळवा. तुमच्या गाण्याची निमंत्रणं माझ्याकडे येतात, मीही तुम्हाला कळवत जाईन." सभापतींनाही त्यांनी हेच सांगितलं. पुढाऱ्यांनी कुणाचं ऐकल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं, पण यांचं ऐकलं.

त्या दिवशी अध्यक्षांचं भाषण रंगात आलं असताना गायिकाबाईंचा फोन वाजला. त्यांनी व्यासपीठावरच तो उचलला. पलीकडे लताबाई होत्या. नवरा कामासाठी सुरतेला, घरात दोन मुली आणि सगळा संसार एका म्हशीवर. "डॉक्टरीण अक्का, म्हैस अडेल शे वं! बठ्ठं सोडीसन या!" म्हैस विताना अडली आहे, सगळं सोडून या, हे मलाही पहिल्या रांगेत ऐकू आलं.

डॉक्टरीणबाई तशाच उठल्या. अध्यक्ष म्हणाले, "ताई, पाच मिनिटं. पालकमंत्री येताहेत."

"त्यांना बसवा. म्हशीला थांबवता येत नाही."

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "गाडी कुणाची आहे?" मी किल्ली वर केली. नाव सांगायलाही वेळ मिळाला नाही.

लताबाईंच्या अंगणात पोहोचलो, तर त्यांचा दीर दोर घेऊन सज्ज. "बांधीसन ओढूत, निघी जाई."

"ओढशील तर दोन्ही जातील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रेशमी पदर खोचून, बाही वर करून, खांद्यापर्यंत साबण लावून त्या म्हशीमागे बसल्या. हात आत घालून त्यांनी डोळे मिटले. तो चेहरा मी विसरणार नाही. नन्सच्या शाळेत रोज प्रार्थनेला उभी राहिलेली बाई आहे मी, पण इतकं एकाग्र माणूस मी तिथेही पाहिलं नाही. "गर्भपिशवीला पीळ पडलाय, उजवीकडून. पारडू जिवंत आहे. म्हैस लोळवावी लागेल."

म्हशीला कुशीवर पाडून पाय बांधले. पोटावर एक लांब फळी तिरकी टेकवली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, चपला काढा आणि फळीवर उभ्या राहा."

"मी?"

"बाकीच्यांना दोर ओढायचे आहेत. आणि तुमचं वजन चांगलं आहे."

असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि बोलून सुटलंही नसतं. मी निमूट फळीवर चढले. फळीने पिशवी दाबून धरायची आणि बाहेरून म्हैस फिरवायची, म्हणजे पीळ सुटतो, हे त्यांनी मला तिथेच समजावलं. पहिल्यांदा लोळवली, सुटला नाही. त्यांनी पुन्हा हात घालून पाहिलं, फळी थोडी खाली सरकवायला लावली. दुसऱ्यांदाही नाही. लताबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे न पाहताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लता, पाणी तापव. लागणार आहे." त्या एका वाक्यावर ती बाई हलली.

तिसऱ्या खेपेला आतून पाण्याचा लोट आला, आणि त्यांनी डोळे उघडले. पारडी बाहेर आली ती निपचित. त्यांनी तिच्या नाकपुडीत काडी फिरवली, कानात पाणी टाकलं, छाती चोळली. मग ती शिंकली. अंगणातली सगळी माणसं एकदम बोलायला लागली.

लताबाई मात्र गोंधळल्या होत्या. "अक्का, तुम्ही तर गाडी दारात येईपर्यंत फोनवर माझ्याशी बोलत होत्या. मग गाडीतून कोण आलं?" गायिकाबाईंनी आम्ही पोहोचेपर्यंत फोन ठेवलाच नव्हता. व्यासपीठामागच्या खोलीत बसून त्या लताबाईंना धीर देत होत्या, स्वतःचा सत्कार चुकवून. व्यासपीठावर मंत्र्यांना सांभाळत एकट्या सभापती बसल्या. उरलेल्या दोन्ही शाली त्यांनी घरपोच केल्या. मी त्यांच्याविषयी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते मागे घ्यावं लागलं.

माझ्या साडीचं काय झालं असेल ते विचारू नका. आठवड्याने डॉक्टरीणबाई रिठे घेऊन दारात. "डाग माझ्या पेशंटचा आहे," म्हणाल्या आणि न्हाणीघरात शिरल्या. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या नावाच्या बाई तुम्ही! तर म्हणतात, "नाव सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलं, तेव्हापासूनचं. हात मात्र माहेरचे, यावलच्या केळीच्या बागेतले."

आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. उजवा खांदा दुखतो. तरुण डॉक्टर मुली हात घालतात आणि या शेजारी बसून पीळ कुठल्या बाजूचा ते विचारत राहतात. आता विश्रांती घ्यावी, असं त्यांच्या या गौरवग्रंथात कुणीतरी लिहिलंच असेल. लिहिणाऱ्याने आधी लताबाईंना विचारावं. मी विचारलं.

"लिहा," त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही शंभर वरीस जगा, धडधाकट जगा. आन् ती पारडी आते गाभण शे, तेवढं ध्यानमा ठेवा."