शेजारच्या गाडीवरचे निळे थेंब

मे महिन्याच्या सुट्टीत मी आमचं लोखंडी गेट रंगवायला काढलं. मी उंद्रीच्या शाळेत शिकवते आणि राहते चिखलीत. वर्षभर सकाळी स्टँडपर्यंत स्कूटीने आणि पुढे एसटीने जायचं, संध्याकाळी यायचं, त्यामुळे घराची असली कामं सुट्टीवर पडतात. नवऱ्याची नोकरी अकोल्याला, तो शनिवारी येतो. रंगारी दोनदा हो म्हणून आला नाही, तेव्हा निळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश मीच घेऊन आले.

वारा होता हे लक्षात आलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. डोक्याला बांधलेली ओढणी सारखी उडत होती. पण अर्धं गेट झालं होतं आणि मध्येच सोडवत नव्हतं. काम संपवून मागे सरकले, तर भिंतीला लागून उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर निळे थेंब उडालेले. मागच्या दारावर जास्त, आरशाजवळ दोन-चार, थोडे काचेवर.

शेजाऱ्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला मॅडम. गाडी त्याने दिवाळीत घेतली होती. दुकानात तो मोटारसायकलनेच जायचा. गाडी निघायची ती गुरुवारी शेगावला, नाहीतर लग्नकार्याला. एरवी ती त्याच्या दारापासून पुढच्या कडुनिंबापर्यंतच्या जागेत उभी असे, आणि रोज सकाळी तो ती पुसत असे.

तो जेवायला येईपर्यंत माझ्या हातात दोन तास होते. ओल्या फडक्याने थेंब नुसते पसरले. टर्पेंटाइन घरात होतं, पण त्याने गाडीचाच रंग निघाला तर काय, म्हणून धीर झाला नाही. शेवटी खोबरेल तेल लावून ठेवलं आणि थेंब मऊ पडल्यावर जुन्या बनियनच्या तुकड्याने एकेक काढला. काचेवरचे नखाने निघाले. दारावर वाकून हे चाललं असताना मला ओरखडे दिसले. मागच्या दिव्यापासून पुढच्या दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर, बारीक रेघा एकमेकींवरून गेल्या होत्या. त्यांच्यात मळ बसला होता, म्हणजे त्या आजच्या नव्हत्या.

भाऊ आला तेव्हा मी गेटजवळच उभी होते.

"भाऊ, गेट रंगवताना तुमच्या गाडीवर रंग उडाला. बराचसा काढला मी, आरशाजवळचे दोन थेंब निघत नाहीयेत."

थेंबांकडे त्याने धड पाहिलंही नाही. रेघांवरून बोट फिरवत म्हणाला, "अन् हे?"

"हे आधीचे आहेत."

"आधीचेच हायेत. तीन महिन्यांपासून पाहून राह्यलो मी. तुमची स्कूटी इथूनच जाते, मॅडम. हँडल घासते."

"माझी स्कूटी इतक्या जवळून जात नाही."

"मंग कोनाची जाते?"

"जाऊ द्या," तो म्हणाला. "रंगाचं जसं सांगतलं, तसं याचं बी सांगाले पायजे होतं." आणि जेवायला आत गेला.

भांडण म्हणावं असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीच्या बाजूला थोड्या अंतरावर विटा मांडलेल्या दिसल्या. मला स्कूटी उतरून, ढकलत बाहेर काढावी लागू लागली. वहिनी, म्हणजे भाऊची बायको, शेतातून आलेली मेथी-वांगी भिंतीवरून देत असे, तेही थांबलं. मला राग आला होता, पण त्याहून जास्त, आपण खोटं बोललो असं कुणाला वाटतंय याचा त्रास होत होता. गेटचा रंग मात्र चांगला बसला होता.

आठेक दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, मी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर बारीक खरखर ऐकू आली. भाऊचे वडील घरातून निघाले होते. त्यांना काचबिंदू. उजेड-अंधार तेवढा कळतो, माणूस आवाजावरून ओळखतात. उजव्या हातात काठी आणि डावा हात गाडीवर टेकवून ते सावकाश पुढे सरकत होते. डाव्या मनगटात वातासाठी घातलेलं तांब्याचं कडं होतं. त्याची उघडी टोकं पत्र्यावरून घासत येत होती. गाडी संपली की तीन-चार पावलांवर कडुनिंबाखालचा ओटा. तिथे ते बसले आणि त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. वहिनी त्या वेळी झोपलेली असायची. परत न्यायला ती उठून यायची, पण जाताना ते कुणाला हाक मारत नसत.

मी बाहेर गेले.

"कोन व्हय?"

"मी, बाबा. बाजूची."

"बसा बाई. इथं हवा चांगली हाये." मग आपणहून म्हणाले, "पोरानं गाडी घेतली, तवापासून माह्यं बरं झालं. तिच्या आधारानं इथवर येता येते. कोनाले तरास नाही."

मागच्या पावसाळ्यात ते नालीत घसरून पडले होते. फार लागलं नव्हतं, पण भाऊने पुढे पंधरा दिवस त्यांना बाहेर येऊ दिलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, भाकर अर्धी ठेवतात, असं वहिनी तेव्हा सांगायची. ओरखड्यांचं खरं सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. मी संध्याकाळपर्यंत ती मनात जुळवली आणि सांगितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबा निघायच्या आधीच मी त्यांच्या दारात गेले. सुती कापडाची एक पट्टी आणि सुईदोरा बरोबर नेला होता.

"बाबा, कड्याची टोकं टोचतात तुम्हाला. चिंधी गुंडाळून देऊ का?"

"मले तं नाही टोचत."

"मनगट लाल झालंय."

ते खोटं होतं. त्यांनी हात पुढे केला. कडं निघत नव्हतं, हाडात रुतल्यासारखं झालं होतं, म्हणून हातात असतानाच मी टोकांवर पट्टी गुंडाळली आणि शिवून टाकली. त्या दिवशी गाडीवरून जाताना आवाज झाला नाही.

भाऊने ती पट्टी रात्री जेवताना पाहिली असणार. सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आले, तर तो गाडीशी उभा होता. हातात फडकं, पण पुसत नव्हता.

"बाबाच्या कड्याले चिंधी तुमी बांधली?"

"हो."

"काऊन?"

त्याने रेघांकडे पाहिलं, मग कडुनिंबाकडे, मग पुन्हा रेघांकडे.

"मले तवाच काऊन नाही सांगतलं?"

"तेव्हा मलाही माहीत नव्हतं. नंतर कळलं. सांगितलं असतं तर बाबांना बाहेर सोडलं असतं का तुम्ही?"

त्याने फडक्याची घडी घातली. "नसतं सोडलं," म्हणाला. "पाह्यटेपासून तेच ठरवून राह्यलो होतो, का आता सोडाचं नाही."

"मग?"

"मंग काय, चिंधी बांधली तुमी. आता त्यायले थांबवाले कायचं कारन सांगू?"

माफी त्याने मागितली नाही आणि मला तिची वाट पाहावीशीही वाटली नाही. विटा त्याने दुपारी उचलून परसात टाकल्या. गाडी घासून-पुसून पॉलिश करून आणू असं तो दोन-तीनदा म्हणाला, पण ती अजून तशीच आहे. बाबांना ओरखड्यांचं कुणीच काही सांगितलं नाही.

एक फरक मात्र पडला. आता गाडी लावताना तो खाली उतरून पाहतो, पुढचा बंपर ओट्यापासून किती पावलांवर आहे ते. एका संध्याकाळी जागा थोडी चुकली होती, तेव्हा त्याने ती परत सुरू केली आणि हातभर पुढे घेतली. गुरुवारी शेगावला निघण्याआधी तो बाबांना हाताला धरून ओट्यावर बसवतो, वहिनीला हाक मारून सांगतो आणि मग गाडी काढतो. चिंधी मळते. महिन्या-दोन महिन्यांनी बाबा भिंतीपलीकडून आवाज देतात, आणि मी सुईदोरा घेऊन जाते.