हाजींच्या मागच्या खोलीतला सूर्य

हाजी मितवल्लींचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. का, ते ऐकाच.

माझी शेजारीण फौकिया. सारं गाव तिला उम्म शादिया म्हणतं, म्हणजे शादियाची आई. इजिप्तच्या शर्किया प्रांतातल्या आमच्या या गावात पपायरसचं काम घरोघरी. कुणी ते लव्हाळं पिकवतं, कुणी त्याचा कागद दाबतं, कुणी त्यावर चित्रं रंगवतं. नवरा गेल्यावर फौकियाने ब्रश हातात धरला आणि त्याच्याच जिवावर पोर वाढवली. जुन्या काळचे राजा-राणी सूर्याला नैवेद्य दाखवतायत आणि वरून येणाऱ्या प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा हात, हे तिचं ठरलेलं चित्र. ते हात मात्र शादिया काढायची. आईपेक्षा नाजूक.

शादियाला हाजींच्या मुलाचं स्थळ आलं. पोरगा बरा होता, तिच्या मनातही भरला होता. पण बैठकीत हाजींनी अट घातली की सूर्य पुजणाऱ्यांची चित्रं काढणारी सून नको आणि विहीणही नको, दोघींनी ब्रश टाकायचा. आमच्या इमामांनी आजवर यावर चकार शब्द काढलेला नाही. आणि या माणसाची शेती कसली? पपायरसचीच! फौकियाने तेवढं विचारून बघितलं. तर म्हणे, गवत अल्लाचं, त्यावर काय काढता ते पाप तुमचं. काय बाई अक्कल!

मी म्हटलं, मोड हे लग्न. पण लेकीचा चेहरा बघून फौकियाने अट मान्य केली. लग्न लागलं आणि ही लोकांच्या शेतात कांदे काढायला जाऊ लागली.

पुढे शादिया माहेरी येईनाशी झाली. विचारलं की निरोप यायचा, घरात काम आहे. एक दिवस कैरोच्या दुकानदाराचा माणूस मी रंगवलेली चित्रं न्यायला आला. त्याच्या गठ्ठ्यात वरचंच चित्र सूर्याचं. ते किरणांचे हात मी ओळखणार नाही? कुठून आणलंस म्हटल्यावर तो सहज सांगून गेला, हाजींकडून, त्यांची सून मागच्या खोलीत रंगवते. मेल्याला फुकटची चित्रकारीण मिळाली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी जाऊन फौकियाला सांगितलं. शुक्रवारी माझाच रंगांचा डबा उचलून ती हाजींच्या फाटकासमोर चटई टाकून बसली आणि भर रस्त्यात राजा-राणी रंगवू लागली. नमाज सुटली. मशिदीतून येणारी माणसं थांबून बघू लागली. हाजी आले ते लालबुंद होऊनच.

"उम्म शादिया, घरी जा. लोक बघतायत."

"बघू देत," ती मान वर न करता म्हणाली. "हे पाप असेल तर तुमच्या घरात कसं चालतं? आणि नसेल तर माझ्या पोरीला दाराआड का कोंडलंय?"

तेवढ्यात फाटक उघडलं. शादिया बाहेर आली, बोटांना सोनेरी रंग तसाच. सासऱ्याकडे तिने बघितलंही नाही.

"आई," ती म्हणाली, "सरक जरा. हात मी काढते."