मल्हारनं वाचलेली एकच कादंबरी

आटपाडीच्या वाचनालयात पुस्तक परत करताना मंगल दोन वाक्यांत त्याचा निकाल लावायची. वाचनालय सांभाळणारे नानासो मुद्दाम विचारायचे, "कसं वाटलं, वहिनी?"

"खून कुणी केला ते अर्ध्यातच कळलं. लेखक ज्याला सारखा भला माणूस म्हणतोय, त्योच."

नाहीतर म्हणायची, "नायिका नुसती झुरती. एवढी पानं झाली, पोटात अन्नाचा कण न्हाई. लेखकानं कवा उपास केलेला दिसत न्हाई."

मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली ही पोर. शाळा सातवीतच सुटली, वाचायची गोडी तेवढी राहिली. नवरा मल्हार फौजेत होता. घरी ती आणि सासू धोंडुबाई. दिवसा वाचलेली गोष्ट संध्याकाळी चुलीपुढं सासूला सांगायची.

पंचाण्णव साली एका कादंबरीची फार चर्चा होती. बर्फातल्या ठाण्यावरून परतलेला जवान बायकोच्या मांडीवर डोकं ठेवतो, सगळं सांगतो, पोटभर रडतो आणि सकाळी मोकळा होतो. मल्हारही तेव्हा बर्फातच होता. मंगलनं ती गोष्ट सांगितली तेव्हा धोंडुबाईनं डोळ्यांना पदर लावला.

पुढच्या वर्षी मल्हार कायमचा घरी आला. डाव्या पायाची बोटं गेली होती. दिवसभर तो ओट्यावर बसून राही. ऐन वैशाखात घोंगडं पांघरी. एकदा मंगल जवळ जाऊन बसली.

"काय झालं तकडं? सांगा की मला."

तो उठला आणि लंगडत शेळ्यांना पाणी पाजायला गेला.

मंगलला त्या कादंबरीचा राग आला. "लबाड पुस्तक हाय," असं तिनं नानासोंना सांगितलं. पण तेच पुस्तक पुन्हा घरी आणलं आणि मल्हारपुढं ठेवलं. त्यानं आजवर कादंबरी हातात धरली नव्हती. ही मात्र तो अक्षर अक्षर लावत वाचत राहिला. तेवढे दिवस दोघी घरात दबक्या पावलांनी वावरल्या. शेवटी त्यानं पुस्तक मिटलं.

"कसं वाटलं?" मंगलनं विचारलं.

"ह्या गड्याला थंडीच वाजत न्हाई."

ती त्याच्याजवळ खाली बसली.

"बर्फात हाय आन् सारखा बोलतोय. तिथं तोंड उघडलं की दात ठणकत्यात. आमी कुणी बोलत नव्हतो. उंब्रजचा कृष्णात माझ्या शेजारी निजला हुता. त्यो कवा गेला, मला कळलं न्हाई. मी त्याच्या अंगाला अंग लावून ऊब घेत हुतो."

"मग?"

"मग काय. उजाडलं."

त्यानं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं. मंगलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हलला नाही, रडलाही नाही.

आता हळूहळू बोलेल, असं तिला वाटलं होतं. तो बोलला नाही. दिवाळीनंतर सांगलीत एका गोदामावर रखवालदार म्हणून लागला आणि तिथंच एक खोली घेऊन राहिला. सणाला यायचा, आईच्या पाया पडायचा, जेवायचा आणि पहिल्या एसटीनं परत जायचा.

एका संध्याकाळी धोंडुबाईनं विचारलं, "त्या पुस्तकातला जवान एका रातीत बरा कसा झाला गं?"

"आत्या, लेखकाकडं पानंच थोडी उरली हुती."

म्हातारीनं मान हलवली. मंगलनं दोघींपुरतं पीठ परातीत घेतलं आणि भाकरी थापायला बसली.