दहिवर सुकेपर्यंत

डॉ. मालतीबाईंना मी प्रथम पाहिले ते आमच्या धुळ्याच्या छापखान्यात. नववीत शाळा सुटल्यावर मी तेथे खिळे जुळवण्याचे काम करू लागलो होतो. बाई कृषी महाविद्यालयात पिकांचे रोग शिकवीत आणि कपाशीवरच्या करप्याचे पत्रक शेतकऱ्यांसाठी छापून घ्यायला आल्या होत्या. ‘जिवाणू’तला ‘जि’ ऱ्हस्व की दीर्घ, हे विचारायला मी भीत भीत उठलो.

“ऱ्हस्व. विचारलंत ते बरं केलंत,” बाई म्हणाल्या. “पण जिवाणू पाहिलाय का कधी? नाही? मग रविवारी या.”

मला अहो-जाहो करणाऱ्या त्या पहिल्याच.

त्या रविवारी प्रयोगशाळेत बाहेरगावचे एक प्राध्यापक बसले होते. तरीही सूक्ष्मदर्शकापुढचे स्टूल बाईंनी आधी मला दिले. करप्याचे जिवाणू पानाला कसे चिकटतात, हा बाईंचा अभ्यास. पानावर पाण्याचा पातळ थर असला की ते पोहत येतात. आधी नुसते टेकतात; तेव्हा धुतले तर निघून जातात. काही वेळाने मात्र असे धरून बसतात की धुऊनही सुटत नाहीत. बाई पान धुऊन त्याचा ठसा काचेच्या बशीतल्या घट्ट खाद्यावर घेत. चिकटून राहिलेले जिवाणू दोन-तीन दिवसांत पिवळ्या ठिपक्यांच्या रूपाने वाढत. “तुमचा ठसा वाळतो, माझा उगवतो,” असे त्या हसून म्हणाल्या.

पत्रक निघाले. त्यात एक वाक्य होते : ‘ओल असताना निंदणी करू नये.’

भाद्रपदात शिरपूरकडच्या एका गावातून रघुनाथनानांचा निरोप आला. नानांनी कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता. तपासणीत करपा फार दिसला, तर ते बियाणे नापास होणार होते आणि वर्षाची मेहनत साध्या कपाशीच्या भावात जाणार होती. बाई एसटीने निघाल्या. पत्रकाचे काम माझ्याकडे होते म्हणून मलाही बरोबर घेतले.

रस्त्याकडच्या अर्ध्या भागात पानोपानी कोनाकृती डाग पडले होते. विहिरीकडच्या भागाची निंदणी व्हायची होती. तिथे डाग तुरळक होते.

“नाना, ओल असताना बायका लावल्या होत्या का?”

नाना दुखावले. “नही बाई! तुमना कागदपरमानेच चालनूत आम्ही. जमीन बठ्ठी कोरडी व्हती. वल कथी व्हती?”

“आणि पानांवर?”

“पानवर ते दहिवर ऱ्हास. त्याले कोन वल म्हनस?”

घोटाळा बाईंच्या ध्यानात आला. ओल म्हणजे जमिनीची, हे त्या गावात कुणाला सांगावे लागत नव्हते. बायका मात्र पहाटेच्या दहिवरात, म्हणजे दवात, वाफ्यांतून शिरत आणि भिजलेल्या लुगड्यांबरोबर रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाई. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितले, “चूक तुमची नाही. शब्द माझा चुकला.” एवढ्या शिकलेल्या माणसाने असे बोललेले मी तोवर ऐकले नव्हते.

आता विहिरीकडचा भाग वाचवायचा, तर निंदणी ऊन चढल्यावर व्हायला हवी होती. निंदणाऱ्या बायकांची पुढारी अक्का उसळली, “दुपारलोंग वावरमा ऱ्हायनूत, ते घरना सैपाक कोन करी? तुम्ही?”

“माझा सैपाक माझे यजमानच खात नाहीत, अक्का,” बाई म्हणाल्या. बायका खो-खो हसल्या, पण अक्का काही बधली नाही. मग बाईंनी तिच्या लुगड्याचा, त्या सकाळी रस्त्याकडच्या कपाशीतून भिजून आलेला काठ मागून घेतला, बरोबर आणलेल्या खाद्याच्या बशीवर हलकेच दाबला आणि निंदणी चार दिवस थांबवायला सांगितली. गवत वाढत होते. नानांचा जीव टांगणीला लागला.

चौथ्या दिवशी बाई ती बशी घेऊन परत आल्या. बशीत उमटलेल्या काठाच्या नक्षीवर पिवळे, चिकट ठिपके दाट उठले होते. अक्काने बशी उन्हात धरली. “हाई मन्हा लुगडानं शे?” मग नानांकडे वळून म्हणाली, “उन्हमा येसूत. पन च्या दोनदा लागी, नाना, आनि गूळना नही, साखरना!”

तपासणीत रस्त्याकडचा भाग नापास झाला. विहिरीकडचा पास झाला. तपासणीहून परतताना बाईंच्या मनात गेलेलाच अर्धा भाग होता. पुढच्या पत्रकात त्यांनी ‘पानांवरचे दहिवर सुकेपर्यंत शेतात शिरू नये’ असे लिहिले आणि छापण्यापूर्वी ते अक्काला वाचून दाखवायला मला शिरपूरच्या गाडीत बसवून दिले.

बाईंनी आता साठी पूर्ण केली आहे. त्यांचे निबंध परदेशात वाचले जातात असे ऐकतो. त्याविषयी जाणकार लिहितीलच. मला ठाऊक आहे ते एवढेच : नानांच्या गावात बायका आजही सकाळी बांधावर थांबतात, पानांना हात लावून पाहतात आणि एकमेकींना विचारतात, “बाईनी येळ व्हयनी का?” घड्याळात नसलेली ही वेळ तिथे रोज होते. ती पाहायला बाईंनी पुढची पुष्कळ वर्षे, धडधाकट पायांनी, त्या बांधावर यावे. अक्का चहा ठेवील.