गोलामागचे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका सरळ माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि एका घराण्याला असा एकच पुरे होतो. वजनमापे खात्यात त्यांची तीस वर्षं गेली. नोकरी सुटली, पण मापं सुटली नाहीत. अर्धापूरच्या केळीवाल्याकडून डझनभर केळी घेतली आणि घरी येऊन तेरा निघाली, तर तेरावं केळ घेऊन हा माणूस भर उन्हात परत जातो. "तुमचं एक माझ्याकडं आलंय," म्हणून सांगतो. केळीवाला "ऱ्हाऊ द्या की साहेब" म्हणाला, की त्याला दहा मिनिटं उभं करून समजावतो, की आज जास्त जातंय म्हणजे उद्या कमी जाईल, चूक ती चूकच. लग्नात बाकीचे पाहुणे जेवणाचा वास घेत असतात, तेव्हा आमचे साडू घड्याळ घेऊन भटजींच्या मागं उभे असतात आणि "गुरुजी, अजून चार मिनिटं हाईत" असं हळूच सांगतात. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी सासरच्यांनी मला बघायला त्यांनाच पाठवलं होतं, कारण ते त्या घरचे आधीचे जावई. त्यांनी लातूरला जाऊन अहवाल दिला, "पोरगा चांगला हाय, शाळेत पर्मनंट हाय, पन केस तीन वर्षांत जातेल." एवढं ऐकूनही माझ्या बायकोनं होकार दिला, हा तिचा मोठेपणा. केस तीन वर्षांतच गेले.

आम्ही दोघे नांदेडचे आणि आमच्या बायका सख्ख्या बहिणी, लातूरच्या. नांदेड आणि लातूर यांचं कशावरून पटत नाही हे विचारण्यापेक्षा कशावरून पटतं हे विचारावं. आयुक्तालय कुणाला मिळावं, रेल्वे कुणाची, पाणी कुणाचं, सगळ्यावरून वाद. त्यांची पोरं डॉक्टर होतात म्हणून ते आम्हाला हसतात. आम्ही म्हणतो, लातूरच्या पोराला पेनल्टी मारायला दिली तरी तो आधी चार पर्याय शोधतो. हे सगळं वैर वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, एका फुटबॉलच्या सामन्यात बाहेर येतं. एक साल नांदेडला, एक साल लातूरला. माझी बायको त्या दिवशी लातूरची असते. सकाळी चहा देतानाच ती मला परका समजते.

या सामन्याची एक रीत आहे, ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. गोलाच्या जाळ्या कायमच फाटक्या. बॉल जाळीतून बाहेर गेला की बाहेरून जाळीला लागला, यावरून पूर्वी इतकी डोकी फुटली, की जुन्या मंडळींनी एक तोड काढली. प्रत्येक गोलामागं एक वडीलधारा माणूस उभा करायचा. आणि नांदेडची पोरं ज्या गोलावर चाल करतात, त्यामागं माणूसही नांदेडचाच. लातूरचं तसंच. बॉल आत गेला असं त्याला दिसलं तर त्यानं हात वर करायचा. हात वर गेला नाही तर गोल नाही, रेफरीही त्याच्यापुढं जात नाही. परक्याचा गोल कुणीही नाकारील. आपल्याच पोराचा गोल नाकारायची ज्याची छाती आहे, तोच तिथं उभा राहावा, असा त्यामागचा विचार.

आमचे साडू वीस-बावीस वर्षं तिथं उभे होते. सामन्याच्या आधी टेप लावून दोन्ही गोल मोजायचे. एकदा गोल दीड इंच अरुंद निघाला, तेव्हा त्यांनी खांब उपटून पुन्हा रोवायला लावला आणि सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की हे आपलं स्टूल डोक्यावर घेऊन अख्खं मैदान चालत दुसऱ्या टोकाला जायचे. टाळ्या वाजायच्या, त्या लातूरकरांच्या. नांदेडवाले त्यांच्या अंगावर संत्र्याच्या साली फेकायचे, कारण आमचे कैक गोल त्यांनी जागच्या जागी गाडले होते. "लातूरचा जावई!" म्हणून पोरं ओरडायची. हे मागं वळून शांतपणे सांगायचे, "जावई हाव. बॉल न्हाई गेला." आमचा मेहुणा लातूरच्या संघाच्या कमिटीत आहे. तो नेहमी म्हणायचा, "आमी हरलो तरी चालंल, पन गोलामागं मोठे दाजी पायजेत." दोन्ही गावांना एकमेकांचं काहीच खरं वाटत नाही, पण त्यांचा हात खरा वाटायचा. मला त्याचा अभिमान होता आणि, खरं सांगतो, थोडी चीडही येत होती. आम्ही सलग चार वर्षं हरलो होतो.

गेल्या वर्षी सामना नांदेडला होता आणि साडूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसणार आणि गोलामागं कोण, असा प्रश्न आला. त्यांनी माझं नाव दिलं. लातूरकरांनी एका शब्दानं विचारलं नाही. साडूंनी सांगितलंय ना, मग झालं. आदल्या दिवशी साडूंनी मला घरी बोलावून शिकवणी घेतली. "सर, खाली वाकून बगायचं. लाइन आन् बॉल याच्या मधात गवत दिसलं पायजे. गवत दिसलं तरच हात."

मी म्हणालो, "आपल्या मैदानावर गवत कुठंय?"

त्यांनी विचार केला. "मग माती. माती दिसली पायजे."

सामना शेवटच्या मिनिटापर्यंत एक-एक असा बरोबरीत होता. मग आमच्या पोरानं लांबून असा फटका हाणला, की बॉल वरच्या दांडीला लागला आणि सरळ खाली आला. मी वाकलेलोच होतो. बॉल बरोबर फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर पडला, फक्कीचा धुरळा उडाला, लातूरच्या गोलकीपरनं झेप घेऊन तो बाहेर काढला. बॉल निम्माही आत नव्हता. माती तर सोडाच. आणि माझा हात वर गेला.

तो कसा गेला हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. पहिल्यांदा गेला तो आनंदानं गेला, असं मी म्हणतो; चार वर्षांची हार होती, मागं दोन हजार माणसं ओरडत होती. पण रेफरीनं माझ्याकडं बघितलं. शिट्टी तोंडात धरून तो तीन-चार सेकंद बघत राहिला. तेवढ्या वेळात हात खाली घेता आला असता. मी घेतला नाही. उलट जरा ताणून वर केला. शिट्टी वाजली आणि नांदेड जिंकलं.

लोकांनी मला उचलून घेतलं. त्या गर्दीतून मेहुणा लालबुंद होऊन आला, "दाजी, लाइनीवर व्हता! फक्की उडालेली दिसली मला!" तोवर काळ्या चष्म्यातले साडू एकाच्या खांद्याला धरून येऊन पोचले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "माती दिसली का?"

"दिसली," मी म्हणालो.

साडू मेहुण्याकडं वळले. "माती दिसली म्हनायलेत. झालं." आणि माझा मेहुणा, जो लहानपणापासून हरलेला एकही डाव मान्य करत नाही, तो गप्प झाला. "तुमी म्हनायलाव मंजी असंल, मोठे दाजी," असं म्हणून त्यानं माझ्याशी हात मिळवला. त्याचा हात घामानं ओला होता. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण लोक पेढा भरवत होते, तो मी खाल्ला.

त्यानंतरचे पंधरा दिवस नांदेडात दुसरा विषय नव्हता. स्टेशनसमोरच्या चहावाल्याकडं रोज संध्याकाळी आमची मंडळी जमायची आणि तो गोल पुन्हा व्हायचा. पहिल्या दिवशी बॉल चार बोटं आत होता. दोन दिवसांनी तो वीतभर आत गेला. आठवड्यानं तो जाळीला लागून परत आला होता, आणि ज्या जाळीला तिथं भोक होतं ती जाळीसुद्धा लोकांनी आठवणीतच शिवून काढली. मोबाइलवर शूटिंग पंचवीस जणांनी केलं होतं. चोवीस जणांच्यात पुढच्याचं डोकं होतं आणि एकाच्यात नुसती धूळ. "सरांनी बगितलंय की! शूटिंग कशाला लागतंय?" असं म्हणून माझ्या पाठीवर थाप पडायची. साडू रोज यायचे आणि ज्याला त्याला सांगायचे, "माझ्यापेक्षा नजर बारीक हाय सरांची. आता पुढं कायम तेच." घरी बायकोनं एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "खरंच गेला होता का हो?" मी "म्हणजे काय!" म्हणालो. ती पुढची पंधरा मिनिटं मेथी निवडत राहिली, आणि मेथी तर केव्हाच संपली होती.

मी शाळेत गणित शिकवतो. पोरांनी वहीत उत्तर बदललं तर कान धरतो. त्या दिवसांत मला वर्गात नीट उभं राहता येईना. शेवटी एका दुपारी साडूंच्या घरी गेलो. ते डोळ्यांत थेंब टाकून घेऊन पलंगावर आडवे होते. मी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं.

ते उठून बसले. "किती आत व्हता?"

"आत नव्हताच. लाइनीवर होता."

"पुरा लाइनीवर?"

"हाव."

मला वाटलं आता हा माणूस फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. थेंबाचं पाणी गालावर आलं होतं, ते त्यांनी टॉवेलनं पुसलं. मग विचारलं, "आनखी कुनाला बोललाव?"

"नाही."

"बोलू नगा," म्हणाले, आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळा चष्मा लावून एकटेच लातूरच्या एसटीत बसले. संध्याकाळी मला मेहुण्याचा फोन आला. "मोठे दाजी आलते. कमिटीपुढं सांगितलं, बॉल आत नव्हता म्हनून. आन् म्हनले, मीच सरांना पढवून ठिवलतं, कायबी झालं तरी हात वर करा. चार वर्सं हारलो, म्हनून माझं इमान सुटलं." जरा थांबून तो म्हणाला, "तुमची काय चूक, धाकटे दाजी? थोरल्यानं सांगितल्यावर तुमी तरी काय करनार!"

इथं मी "अरे, ते खोटं बोलले" एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्दसुद्धा होत नाहीत. मी "हं" म्हणालो. या "हं"ची मला त्या वर केलेल्या हातापेक्षा जास्त लाज वाटते.

मी धावतपळत साडूंकडं गेलो. "हे काय केलंत? तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत!"

"मी रिटायर मानूस. माझं काय वाकडं व्हतंय?" ते म्हणाले. "तुमी मास्तर हाव. मास्तर खोटं बोलला म्हनल्यावर पोरांनी कुनाकडं बगायचं? आन् मी तुमचं नाव दिलतं. मापात खोट निघाली, तर शिक्का मारनाऱ्याला धरतेत." मग जरा चिडून म्हणाले, "आता जावा. मला झोपून राहायला सांगितलंय डॉक्टरनं, आन् तुमी बोलून राहिलाव."

लातूरकरांनी सामन्याचा कप परत मागितला नाही, पण साडूंना सोडलंही नाही. बावीस वर्षांचे सगळे गोल त्यांनी पुन्हा उकरून काढले. कुठला खरा, कुठला खोटा, म्हणून. आणि आमच्या नांदेडवाल्यांना राग आला तो वेगळाच. जिंकलेला सामना या माणसानं आपण होऊन नासवला, म्हणून चहावाल्याच्या बाकावर त्यांना कुणी जागा देईना. दोन्ही गावांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, ते आमच्या साडूंवर. घरी फक्त माझ्या बायकोनं विचारलं, "मोठे दाजी खोटं बोलले ना?" मी होकारार्थी मान हलवली. ती उठून आत गेली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते मला बरं वाटलं. कुणीतरी तेवढं करायला हवं होतं.

या वर्षी सामना लातूरला झाला. मी म्हणत होतो जाऊ नका. पण साडू आले, पायऱ्यांवर अगदी शेवटी जाऊन बसले. आता डोळे स्वच्छ झालेत, लांबचं चांगलं दिसतं. गोलामागं कुणी नवीनच माणूस उभा होता. सामना सुरू व्हायच्या आधी मेहुणा आमच्या समोरून गेला. दर वर्षी वाकून साडूंच्या पाया पडणारा तो, आमच्याकडं बघून थांबला, मला "नमस्कार, धाकटे दाजी" म्हणाला आणि तसाच पुढं गेला. साडूंनी पाय उगाच जरा मागं ओढून घेतले. त्यांचे पाय बघून मला ते सहन झालं नाही. आज सगळ्यांच्या समोर सांगायचंच, असं म्हणून मी उठलो, मेहुण्याला हाकही मारली. तो वळला.

साडूंनी माझा सदरा धरून खाली ओढला. "बसा, सर," ते हळूच म्हणाले. "मॅच सुरू व्हायलीय."

मेहुणा वाट बघत उभा होता. मी बसलो.