फाट्यावरचे वाल

रविवार, १३ मार्च १९७७. हे सहाला मोटरसायकल घेऊन चौकला गेले. खाकी शर्टाला इस्त्री करून दिली. डब्यात चार भाकऱ्या, लसणीची चटणी. दुपारी अंबाबाई पापड लाटायला येऊन गेल्या. ऊन फार. हे साडेसहाला परतले. कोंडाण्याला जाणे झाले नाही.

इंदूबाईंच्या डायरीत त्या दिवसाबद्दल एवढेच आहे, आणि शेवटी एक ओळ. मधला दिवस त्यांच्या यजमानांनी, आबाजींनी, पुढे थोडा थोडा करून सांगितला, कधी जेवताना, कधी गुडघ्याला तेल लावून घेताना.

आबाजी सोळाव्या वर्षी कर्जतजवळच्या दहिवलीहून मुंबईला गेले आणि परळच्या एका गॅरेजात लागले. हात चांगला होता. गॅरेजात येणाऱ्या हौशी मंडळींनी मोटरसायकलींचा क्लब काढला, तेव्हा त्यांनी आबाजींनाही ओढून घेतले. वर्षातून तीन-चारदा रविवारी सगळे गावरस्त्यांनी दिवसभर भटकून यायचे. आबाजींची जागा ठरलेली होती, सगळ्यांत शेवटी. हँडलला लाल फडके बांधायचे, हत्यारांची पिशवी पाठीमागे आवळायची, आणि ज्याची गाडी बंद पडेल त्याच्यापाशी थांबायचे. क्लबात त्या गड्याला शेपटी म्हणत. तेरा वर्षे आबाजी शेपटी होते. तेरा वर्षे त्यांनी पुढच्यांची धूळ खाल्ली.

एकदा, एकोणसत्तर साली, खालापूरच्या बाजूला कुणाची तरी साखळी जोडण्यात त्यांचा तास गेला. साखळीवाला भरधाव पुढे निघून गेला. आबाजी फाट्यावर आले तर वाट दाखवायला माणूस नाही. चुकीच्या रस्त्याला लागले, पेट्रोल संपले, आणि गाडी ढकलत पाच मैल चालले. पुढच्या खेपेला कुणी विचारलेसुद्धा नाही. त्यांनीही तक्रार केली नाही. फक्त सेक्रेटरी बेहरामशेठकडून एक नियम करून घेतला. प्रत्येक फाट्यावर एकाने उभे राहायचे आणि शेपटी दिसेपर्यंत हलायचे नाही.

गॅरेज सुटले, आबाजी दहिवलीला परत आले. गुडघे बसले. डॉक्टरांनी मोटरसायकल बंद करायला सांगितली, आणि पाडव्याला ती जावा गाडी पुतण्याच्या हवाली करायची असे घरात ठरले. तेवढ्यात बेहरामशेठचे पत्र आले: यंदा तुमच्या मुलखात येतो आहोत, चौक गावापासून कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत सगळ्यांच्या पुढे तुम्ही. आबाजींनी ते पत्र दोनदा वाचून घेतले. शनिवारी जाऊन फाट्याफाट्यांवर चुन्याचे बाण काढून आले. पुढे चालायचे तर एकदाच, आणि ते नीट.

चौकला आबाजींची धरून तेवीस गाड्या जमल्या. आबाजी पुढे निघाले. समोर मोकळा रस्ता, तोंडावर धूळ नाही. चार मैल तसे गेले. मग एक फाटा आला आणि त्यांनी हात वर करून मागोमागच्यांना थांबवले. रस्ता भरून वाल पसरले होते. उपटून वाळवलेले वेल, शेंगांसकट, पार कडेपर्यंत. चुन्याचा बाण त्याखाली गडप. आपल्याकडे शेंगा अशाच मळतात, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली. हे ठाऊक असलेला माणूस शनिवारी बाण काढताना मात्र विसरला होता.

वालाची मालकीण येसूबाई टोपली घेऊन कडेलाच बसली होती. ती म्हणाली, "ट्रकासाठी घातलंय, दादा. फटफट्यांसाठी नाय."

दोन गाड्या घसरता घसरता राहिल्या. बेहरामशेठ म्हणाले, हे सगळे बाजूला ओढून टाका. आबाजींनी वेल हातात घेऊन पाहिले. शेंगा आता कुठे तापू लागल्या होत्या. मातीत ओढल्या तर बाईचे वर्षाचे कालवण जायचे. बाकीच्या गाड्या मागे मैल-दोन मैल पसरलेल्या. प्रत्येकाला इथे हळू करायचे, कडेच्या मातीतून काढायचे आणि कर्जतची वाट दाखवायची. हे काम मुंबईच्या नव्या पोरांपैकी कुणाला सांगायचे? आबाजी म्हणाले, मी उभा राहतो, तुम्ही व्हा पुढे.

बेहरामशेठ म्हणाले, "पंधरा मिनिटं, आबाजी. शेपटी आली की या, पुढची जागा तुमचीच."

एकेक गाडी गेली. विसावी गेली, आबाजींची स्वतःची धरून एकवीस झाल्या, हा हिशेब त्यांनी मनाशी दोनदा केला. दोन राहिल्या होत्या. त्यांतली एक लाल फडक्याची.

नऊ वाजले, दहा वाजले. निवडणुकीचे दिवस, प्रचाराची एक जीप कर्णा वाजवत वालावरून गेली. येसूबाईने तिला हात जोडले, ते चाकांसाठी. रविवार असल्यामुळे सकाळपासून ट्रक नव्हताच. आबाजी मैलाच्या दगडावर बसले. तिथून उठले असते तर अर्ध्या तासात कोंडाण्याच्या पायथ्याशी पोचले असते. मंडळी लेणी पाहून जेवायची होती. पण शेपटीवाला फाट्यावर येईल आणि इथे कुणी नसेल, एवढे मनात आले की ते पुन्हा खाली बसत. बाराला त्यांनी डबा उघडला. येसूबाईने कांदा दिला, तिला त्यांनी एक भाकरी दिली.

तिने विचारले, कुणाची वाट बघताय. त्यांनी सांगितले.

"आणि तुमची कोन बघतंय?" ती म्हणाली.

आबाजींनी डब्याचे झाकण लावले.

दोनच्या सुमाराला चौककडून एक ट्रक आला. ड्रायव्हरने सांगितले, दोन फटफट्या सकाळीच टेंपोत घालून पनवेलकडे नेल्या. एकीच्या हँडलला लाल चिंधी होती. म्हणजे शेपटी केव्हाच परत फिरली होती. मंडळी आता परतीला खोपोलीच्या वाटेला लागली असणार. जोरात नेली तर खालापूरला गाठता आली असती. आबाजींनी किक मारली, गाडी सुरू झाली, आणि त्यांना एकदम फार थकल्यासारखे वाटले.

येसूबाई वाल उलटत होती. शेंगा आता कडक तापल्या होत्या, पायाखाली कडाकडा फुटत होत्या, आणि तो एक ट्रक गेल्यावर रस्त्यावर पुन्हा चाक नव्हते.

"बाजूला हो, बाय," ते म्हणाले.

पहिल्या गियरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला लावत, ते वालावरून गेले. वळले, परत आले. तास-दीड तास तसे चालले. घसरण होतीच, दोनदा गाडी कलली, गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. येसूबाई काठीने वेल चाकाखाली सारत होती.

"सावकाश चालवा, दादा," ती म्हणाली. "इथं पुढं बी तुमीच, मागं बी तुमीच."

वारा सुटल्यावर तिने सुपाने पाखडायला घेतले, तेव्हा आबाजी निघाले. तिने त्यांच्या रिकाम्या डब्यात वाल भरून दिले.

घरी इंदूबाईंनी गरम पाण्याचे घमेले पायाशी ठेवले आणि विचारले, "पुढे होतात ना?"

"चार मैल," आबाजी म्हणाले. पाय पाण्यात सोडून म्हणाले, उद्या पुतण्याला बोलाव, पाडव्याची वाट नको बघायला.

डायरीतली शेवटची ओळ अशी: वाल निवडले, खडे बरेच निघाले. बिरड्यासाठी रात्री भिजत घातले.