खंडेनवमीचा सर्व्हर

अश्लेषाला थांबण्याचा हिशेब ठेवायचा पगार मिळतो. हसू नका, नागपुरात अशीही नोकरी असते, आणि तिच्यासारख्या उतावळ्या पोरीच्या वाट्याला ती यावी, ही देवाचीच थट्टा. लहानपणी नरखेडला एसटी यायला उशीर झाला की ही दप्तर उचलून पायीच निघायची. "धीर धर वं जरा," आई ओरडायची, "तापल्या तव्यावर बसल्यासारखी काहून करून राहिली?"

ती काम करते केशवभाऊंच्या छोट्या कंपनीत. तिथे दोन मोठे सर्व्हर आहेत आणि त्यांच्या पोटात पाच-पन्नास व्हर्च्युअल मशीन चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खोटाखोटा कॉम्प्युटर. कुणा संत्रा व्यापाऱ्याचा एक, कुण्या शाळेचा एक, रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलचा एक. प्रत्येकाला वाटतं, आपली मेमरी आपल्याच मालकीची. लग्नघरात गाद्या बारा आणि पाहुणे वीस असतात ना, तसला कारभार. सगळे एकदम झोपायला आले नाहीत तोवर यजमानाची अब्रू शाबूत. न मावलेली मेमरी सर्व्हर गुपचूप डिस्कवर टाकतो. मशीनने हात घातला आणि तिथे काहीच नाही, की झाला फॉल्ट. मग सर्व्हर ती डिस्कवरून ओढून आणतो, आणि तेवढा वेळ मशीन जागच्या जागी गोठतं. त्याला स्वतःला ते कळतही नाही. गोठलेल्याला काय कळणार, कपाळ!

म्हणून अश्लेषा बाहेरून मोजते. सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या कारभाराच्या मुळाशी, ती ट्रेसिंग लावून बसते. फॉल्ट कधी आला, कधी मिटला, मधे किती वेळ गेला. एरवी पापणी लवायच्या आत सगळं आटोपतं. तिचा सोबती पियूष मात्र मशीनच्या आत बसून मोजतो आणि त्याच्या पडद्यावर बारा महिने हिरवंगार. "पाह्य, काहीच नाही," तो म्हणतो. "तुले उगाच भुतं दिसतात."

नवरात्र लागलं आणि तिच्या वडिलांना, भैयाजींना, छातीत कळ आली. रामदासपेठेतल्या त्याच हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला, पण डॉक्टर म्हणाले, आठ दिवस नजरेखाली ठेवू. शेजारच्या खाटेवर मौद्याचे धोंडबा होते. दोघा म्हाताऱ्यांचं दोन दिवसांत असं जमलं, की अश्लेषाची आई प्रेमलताबाई घरून आणलेला शिरा दोघांना अर्धा अर्धा वाढायच्या. धोंडबांची लेक खुशी आली की भैयाजींचीही उशी नीट करून जायची.

वॉर्डाच्या टोकाला नर्सचं टेबल, आणि त्यावरच्या पडद्यावर सगळ्या खाटांचे ठोके एकाखाली एक. ठोका बिघडला की टेबलावर घंटी वाजायची. पेशंटांची झोपमोड नको म्हणून खाटांजवळच्या घंट्या बंदच ठेवलेल्या. अश्लेषा आईची वाट पाहत तिथे उभी होती, तर पडद्यावरच्या सगळ्या रेषा एकदम थबकल्या. मग टुणकन उडी मारून पुढे गेल्या.

"असं होते का ताई हे नेहमी?" तिने यमुताईंना विचारलं. यमुताई म्हणजे त्या वॉर्डाच्या जुन्या नर्स.

"कधी कधी होते. मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर लयच होऊन राहिलं होतं."

तो पडदा अश्लेषाच्याच कंपनीच्या सर्व्हरवर चालत होता. आणि खंडेनवमीला कंपनीत काय होतं, हे तिच्याएवढं कोणाला माहीत?

केशवभाऊंच्या घरचा पूर्वी कापसाच्या जिनिंगचा कारखाना होता. एका खंडेनवमीला माल निघायची घाई म्हणून पूजा न करता यंत्र चालू ठेवलं, आणि धाकटे भाऊ वसंत यांचा हात कोपरापर्यंत त्यात गेला. तेव्हापासून घरात नियम. नवमीला एका यंत्राला पूर्ण विश्रांती. कारखाना गेला, सर्व्हर आले, नियम राहिला. दोनातला एक सर्व्हर बंद करायचा, त्याला हळदकुंकू, झेंडू, नारळ. त्याचा सगळा भार त्या दिवशी दुसऱ्याच्या डोक्यावर. वीस पाहुणे, गाद्या सहा!

"भाऊ, यंदा नका ना करू," ती गेली विनवायला. "माझे बाबा आहेत तिथं. पडदा अडकून राहिला."

केशवभाऊ रागावले नाहीत, तेच वाईट. त्यांनी फक्त कोपऱ्यात पाहिलं. वसंतकाका नारळ गुडघ्यांत धरून एका हाताने शेंडी सोलत होते. "लोखंडाले एक दिवस आराम द्या लागते, बेटा," केशवभाऊ म्हणाले. "नाही देलं तर थे आपल्या हातानं घेते."

नवमीला तिनेच सर्व्हरवर स्वस्तिक काढलं, आरती म्हटली. पियूषने बटण दाबलं आणि सर्व्हरचे दिवे मालवले. केशवभाऊ घरच्या पूजेला गेले.

अश्लेषा ट्रेससमोर येऊन बसली. आधी अर्धा सेकंद. मग दोन. जेवणवेळ झाली तसे पाच पाच सेकंदांचे फॉल्ट येऊ लागले, आणि हॉस्पिटलच्या मशीनला ते सगळ्यांत जास्त बसत होते. ती उठली आणि बंद सर्व्हरपाशी गेली. बटण झेंडूच्या माळेखाली होतं. माळ सारायची आणि दाबायचं, एवढंच. पण समोर खुर्ची टाकून वसंतकाका प्रसाद खात बसलेले, रिकामी बाही खिशात खोचलेली.

"काय झालं वं?"

"काही नाही काका." तिने हात मागे घेतला.

मग तिने अक्कल चालवली. हॉस्पिटलच्या मशीनची मेमरी कुलूपबंद करायची. मग सर्व्हरची काय बिशाद ती डिस्कवर टाकायची! शाळा गोठू दे, व्यापारी गोठू दे, बाबांचा पडदा चालेल. युक्ती खरी होती. पण कुलूप लावण्याआधी बाहेर पडलेलं सगळंच्या सगळं आत ओढावं लागतं, आणि ते ओढून होईस्तोवर दारातून दुसरं कोणी जाऊ शकत नाही, म्हणजे अख्खं मशीन गोठतं. हे तिला ठाऊक होतं. घाईत सुचलं नाही. तिने कमांड दिली.

ट्रेस थांबला. एकही ओळ येईना. पियूष मागून म्हणाला, "वा, झालं ना शांत?"

शांत कुठलं! फॉल्ट मिटल्याशिवाय त्याचा आकडा येतच नाही. म्हणजे तो अजून चालू होता. "मिट रे बाबा, मिट," ती पडद्याशी बोलू लागली. मागे घ्यायला दिलेली कमांडही त्याच दारात अडकली. पडदा कोराच. मग एक ओळ उमटली: एक्केचाळीस सेकंद.

अर्ध्या तासाने फोन वाजला. आई होती.

"तुझे बाबा बरे आहेत," प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. "धोंडबा गेले वं. डोळे फिरवले त्यांनी, मी केवढ्यानं ओरडली, तवा यमुताई धावल्या. घंटी वाजलीच नाही."

ती पोचली तेव्हा वॉर्डात गर्दी जमली होती. खुशी यमुताईंच्या अंगावर ओरडत होती, "कुठं होत्या तुम्ही? माझा बाप तडफडून राहिला होता!" यमुताई एकच सांगत होत्या, मी टेबलावरच होती, घंटी नाही वाजली. हॉस्पिटलचे मॅनेजर फोनवर पियूषशी बोलून आले आणि म्हणाले, "सिस्टीम एकदम ठीक होती. खोटं बोलू नका, सिस्टर." कोणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. यमुताईंनी डोक्याला हात लावला.

अश्लेषाला वाटलं, मागच्या मागे निघून जावं. कोणाला कळणार होतं? आतून सगळं हिरवं होतं. पण यमुताई अजूनही घंटी नाही वाजली, एवढंच सांगत होत्या, आणि ते तिला ऐकवेना.

"ताई खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "घंटी माझ्यामुळे अडली. मी मोजलं आहे, एक्केचाळीस सेकंद."

खुशी यमुताईंना सोडून तिच्याकडे वळली.

"काहून?"

अश्लेषाची नजर भैयाजींच्या खाटेकडे गेली, आणि ती कुठे गेली हे खुशीने पाहिलं.